स्किझोफ्रेनियात नजरेचा बोध कसा मोजतात?

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, या आजाराचे नाव काढले की कानात येणारे आवाज, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा न हटणारा संशय आणि माणसांतून उडालेले मन ही लक्षणे बहुतेकांना आठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजाने जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० माणसांमागे साधारण एकाला, हा आजार आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर भरली होती. तिला हेच प्रमाण लावले तर आकडा पाच हजारांच्या जवळपास जातो. हा केवळ ठोकताळा आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण आजार आपल्या वाड्यापासून फार लांबचा नाही, एवढे त्यावरून कळते. बांबोळीच्या मनोरुग्णालयात महिन्याच्या महिन्याला औषधे आणायला जाणाऱ्या कुटुंबांना आवाज, संशय आणि अबोलपणा यांविषयी बरेच काही ठाऊक असते. या आजारात पाहण्याच्या क्रियेतही सूक्ष्म बदल होतात, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते.

येथे एक गल्लत आधीच दूर केली पाहिजे. समोर नसलेली गोष्ट दिसणे हा भास होय, आणि स्किझोफ्रेनियात असे दृश्य भास काही रुग्णांना होतातही. या लेखाचा विषय तो नाही. समोर जे खरोखर आहे ते डोळ्यांतून मेंदूपर्यंत जाऊन त्याचा अर्थ लागेपर्यंत ज्या पायऱ्या असतात, त्यांत काय कमी पडते आणि ते आकड्यांत कसे पकडायचे, हा प्रश्न आहे. अंधुक वस्तू ओळखणे, हलणाऱ्या वस्तूची दिशा कळणे, तुटक रेषांतून आकार जुळवणे, आजूबाजूच्या संदर्भातून एखाद्या गोष्टीचा आकार किंवा उजळपणा ठरवणे ही कामे आपण दिवसभर नकळत करीत असतो, आणि ती नकळत होतात म्हणूनच त्यांतील उणीव रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही.

१९०८ मध्ये या आजाराला आजचे नाव देणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी संवेदन आणि बोध या मूलभूत क्रिया रुग्णात शाबूत असतात असे मानले होते, आणि बिघाड त्यांच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे विचारांच्या जुळणीत, शोधला होता. पुढची अनेक दशके हीच समजूत चालली. १९६१ मध्ये ब्रिटनमधील अँड्र्यू मॅकगी आणि जेम्स चॅपमन यांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांना त्यांचे अनुभव सविस्तर विचारले, तेव्हा निराळे चित्र समोर आले: कोणाला सगळेच एकदम अंगावर येत होते, तर कोणाला समोरचे दृश्य तुकड्यातुकड्यांनी जोडून घ्यावे लागत होते. अशी कथने मोलाची असतात; पण दोन रुग्णांची कथने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि औषधाने फरक पडला की नाही हे त्यांवरून ठरत नाही. त्यासाठी माप लागते.

चष्म्याच्या दुकानातील तक्ता येथे पुरत नाही. त्यावरची अक्षरे पांढऱ्यावर ठळक काळी असतात, आणि मोजले जाते ते एवढेच की अक्षर किती लहान झाले तरी वाचता येते. खऱ्या जगातील वस्तू अशा काळ्या-पांढऱ्या नसतात. जुलैतल्या संध्याकाळी पाऊस धरलेला असताना झुआरी पुलावरून दिवे बंद ठेवून येणारी करडी मोटार दिसायला हवी असेल, तर उपयोगी पडते ती बारीक अक्षर वाचण्याची शक्ती नव्हे. पार्श्वभूमीपेक्षा किंचितच वेगळी असलेली छटा ओळखण्याची शक्ती, म्हणजे कॉन्ट्रास्टची संवेदनशीलता. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसात हीच शक्ती कमी असू शकते.

ती मोजताना संगणकाच्या पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर फिकट पट्ट्यांचा एक गोल ठिपका दाखवतात, ज्याच्या कडा हळूहळू पार्श्वभूमीत विरत जातात. हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबॉर यांच्या नावाने त्याला गॅबॉर ठिपका म्हणतात. ठिपका कधी डावीकडे येतो, कधी उजवीकडे. "दिसला का?" असे मात्र विचारायचे नसते. कारण उत्तर देण्यात माणसाचा स्वभाव उतरतो. भिडस्त माणूस खात्री पटल्याशिवाय "हो" म्हणणार नाही, आणि दुसरा कोणी केवळ समोरच्याला बरे वाटावे म्हणून "हो" म्हणेल. म्हणून सूचना अशी देतात की "दिसला नाही असे वाटले तरी डावे किंवा उजवे, एक बटण दाबाच." याला सक्तीची निवड म्हणतात. काहीच दिसत नसेल तर नुसत्या अंदाजाने १०० पैकी सुमारे ५० उत्तरे बरोबर येतील, आणि त्याहून जितकी अधिक येतील तितके काहीतरी खरोखर दिसले असे धरता येते. विशेष म्हणजे "मला काहीच दिसले नाही, उगाच दाबले" असे सांगणाऱ्यांचीही उत्तरे पुष्कळदा ५० टक्क्यांहून बरीच अधिक बरोबर निघतात.

मग ठिपका किती फिकट करायचा? येथे जिन्याची पद्धत वापरतात. लागोपाठ तीन उत्तरे बरोबर आली की ठिपका एक पायरी फिकट, आणि एक चुकले की एक पायरी गडद. असे वरखाली होत होत जिना ज्या पातळीभोवती घोटाळत राहतो, ती सुमारे ७९ टक्के उत्तरे बरोबर येण्याची पातळी असते, हे गणिताने सिद्ध आहे. हीच त्या माणसाच्या नजरेची सीमा मानतात. बाह्य जगातील मोजता येणारी राशी आणि मनातील अनुभव यांचे नाते अशा रीतीने बांधण्याचा पाया जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव फेश्नर यांनी १८६० मध्ये घातला. रीत मूळची त्यांची, फक्त मेणबत्त्या आणि वजने जाऊन पडदे आले.

पडद्यांचेही नखरे असतात. साध्या पडद्यावर करड्या रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, म्हणजे दोन शेजारच्या पायऱ्यांत सुमारे ०.४ टक्क्यांचा फरक. निरोगी डोळ्याला अनुकूल स्थितीत १ टक्क्याहून कमी कॉन्ट्रास्टही कळतो, तेव्हा ही पट्टी त्या मापासाठी फारच जाड पडते आणि पायऱ्या वाढवणारी खास जोडणी करावी लागते. पडद्याचा उजेड प्रकाशमापकाने तपासून दुरुस्त करावा लागतो, आणि हनुवटी आधारावर टेकवून डोळ्यांचे पडद्यापासूनचे अंतर कायम ठेवावे लागते. एखाद्याने हेच काम भ्रमणध्वनीवर, खिडकीशेजारी बसून केले, तर जे आकडे येतील ते खिडकीबाहेरच्या उन्हाविषयी अधिक सांगतील.

कॉन्ट्रास्ट मोजल्यावर काय आढळले? अमेरिकेत पामेला बटलर, डॅनियल जॅविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत रुग्णांना, गट म्हणून पाहता, पट्टे दिसण्यासाठी अधिक कॉन्ट्रास्ट लागला, आणि ही उणीव विशेषतः रुंद पट्ट्यांच्या बाबतीत दिसली. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गांपैकी एक मार्ग जलद असतो. तो स्थूल आकार, हालचाल आणि फिका उजेड-अंधार टिपतो. दुसरा मंद असतो आणि बारकावे व रंग पोचवतो. जलद मार्गातच बिघाड आहे, असे अनुमान बटलर-जॅविट गटाने मांडले. स्कॉटुन आणि स्कोइल्स यांनी २००७ मध्ये उपलब्ध निष्कर्ष पुन्हा चाळून त्यावर आक्षेप घेतला, कारण सगळे अभ्यास त्या एका मार्गाकडे बोट दाखवत नव्हते. भरीस भर म्हणजे काही अभ्यासांत औषधे अजून सुरू न झालेल्या, नव्यानेच आजारी पडलेल्या रुग्णांची संवेदनशीलता उलट वाढलेली आढळली. यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही. या आजारावरील बहुतेक औषधे डोपामिन या रसायनाचे काम रोखतात, आणि डोळ्याच्या पडद्यातील पेशीही डोपामिन वापरतात. म्हणजे उणीव आजाराची की गोळीची, हा प्रश्न प्रत्येक आकड्यामागे उभा असतो.

लक्ष उडाले की नजर कमी पडली?

आता मी या विषयाच्या मर्माशी येतो. समजा, एखाद्या रुग्णाने चाचणीत निरोगी माणसापेक्षा कमी गुण मिळवले. त्याचे डोळे वा मेंदूतील दृष्टिक्षेत्र, म्हणजे पाहण्याचे काम करणारा भाग, मंद आहे, असे लगेच म्हणता येईल का? तो रात्री झोपला नसेल. गोळ्यांनी सुस्ती आली असेल. बटणे दाबण्यात त्याला काडीचेही स्वारस्य नसेल, कारण उत्साह आटणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे. अशा माणसाचे गुण कोणत्याही चाचणीत कमीच येतील, मग ती नजरेची असो, स्मरणाची असो वा पाढ्यांची. लॉरेन आणि जीन चॅपमन या संशोधक दांपत्याने १९७३ मध्ये ही अडचण स्पष्टपणे मांडली: जो गट सगळीकडेच मागे पडतो, तो एका विशिष्ट चाचणीत मागे पडला यावरून त्या विशिष्ट क्षमतेविषयी काहीही सिद्ध होत नाही, आणि दोन चाचण्यांपैकी एकीत तो अधिक मागे पडला, तरी ती चाचणी माणसा-माणसांतील फरक अधिक चोखपणे दाखवणारी असल्यामुळेही तसे झालेले असू शकते.

आकड्यांत पाहिले म्हणजे या अडचणीचे वजन कळते. दोन पर्यायांच्या चाचणीत समजा एखाद्याचे लक्ष १०० पैकी १० वेळा उडाले. त्या १० वेळांपैकी ५ वेळा त्याचे उत्तर अंदाजाने बरोबर येईल, ५ वेळा चुकेल. म्हणजे ठिपका कितीही ठळक केला तरी तो ९५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. लक्ष ३० वेळा उडाले तर वर सांगितलेल्या जिन्यावर ७९ टक्क्यांच्या पातळीला स्थिरावण्यासाठी त्याला लक्ष असलेल्या वेळी सुमारे ९२ टक्के उत्तरे बरोबर द्यावी लागतील, आणि त्यासाठी अर्थातच ठिपका अधिक गडद लागेल. त्याची नजर निरोगी माणसाइतकीच तीक्ष्ण असली तरी कागदावर ती बोथट म्हणून नोंदली जाईल.

यावर पहिला उपाय म्हणजे अधूनमधून अगदी ढळढळीत दिसणारे ठिपके पेरणे. तेही चुकले तर दोष नजरेचा नाही, लक्षाचा. अशा पेरलेल्या फेऱ्यांवरून लक्ष उडण्याचे प्रमाण काढता येते आणि सीमा ठरवताना ते हिशेबात धरता येते. दुसरा उपाय अधिक चतुर आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कल्पना तीच आहे: ज्या चाचणीत बिघाड असलेला माणूस निरोगी माणसापेक्षा अधिक अचूक ठरेल, अशी चाचणी रचणे. आळसाने, झोपेने वा औषधाच्या सुस्तीने कोणी अधिक अचूक होत नाही. तेव्हा रुग्ण जेथे सरस ठरतो, तेथे फरकाचे कारण पाहण्याच्या यंत्रणेतच शोधावे लागते.

जिथे रुग्ण फसत नाहीत

पणजीच्या कार्निव्हलमध्ये मिळणारा साधा, चेहऱ्यावर बसणारा मुखवटा घ्या आणि त्याची आतली, खोलगट बाजू आपल्याकडे करून हात लांब धरा, किंवा तो भिंतीवर तसाच उलटा टांगून काही पावले मागे जा. एक डोळा मिटला तर परिणाम अधिक चांगला येतो. नाक आत गेलेले आहे हे आपल्याला पक्के माहीत असूनही चेहरा बाहेर आलेला दिसतो, आणि आपण बाजूला सरकलो की तो आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो. जन्मभर आपण फक्त बाहेर आलेलेच चेहरे पाहिलेले असतात. त्यामुळे डोळ्यांनी आणलेला पुरावा खोलगटपणा सांगत असतानाही मेंदूची अपेक्षा त्यावर मात करते.

स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना हा भ्रम कमी होतो. उलट्या मुखवट्याची छायाचित्रे किंवा प्रतिमा दाखवल्यावर ते निरोगी लोकांपेक्षा अधिक वेळा "हा खोलगट आहे" असे बरोबर सांगतात. डॅनाई डिमा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जर्मनीत मेंदूच्या प्रतिमा घेऊन यामागची देवाणघेवाण तपासली. निरोगी लोकांत खोलगट चेहरा पाहताना मेंदूच्या वरच्या भागांकडून दृष्टिक्षेत्राकडे येणारा प्रभाव वाढत होता. रुग्णांत तो तसा वाढत नव्हता. सहभागी थोडे होते, हे लक्षात ठेवावे. पण भ्रम कमी होतो हा निष्कर्ष इतर गटांनाही मिळाला आहे. मनातील अपेक्षा अनुभवाला वळण देते, ही कल्पना गोव्याला अगदीच परकी नाही: ज्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे ते आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेले, मोहनिद्रा कोणत्याही चुंबकीय शक्तीने येत नसून ज्याला ती येते त्याच्या मनातूनच येते, असे पॅरिसमध्ये सांगत होते. त्यांचा विषय निराळा होता, पण दिशा ओळखीची वाटते.

याच जातीचा दुसरा प्रयोग लंडनमध्ये झाला. ठळक नक्षीच्या मध्ये ठेवलेला मध्यम कॉन्ट्रास्टचा तुकडा निरोगी माणसाला आहे त्याहून फिका दिसतो, कारण दृष्टिक्षेत्रातील पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात. स्टीव्हन डेकिन, पॅट्रिशिया कार्लिन आणि डेव्हिड हेम्सली यांनी २००५ मध्ये दीर्घकाळ आजारी असलेल्या १५ जणांना हे दाखवले, तेव्हा त्यांतील १२ जणांचा अंदाज ३३ निरोगी सहभागींपैकी सर्वांत अचूक माणसापेक्षाही अचूक निघाला. असा निकाल या क्षेत्रात फार दुर्मीळ असतो. मनोविकारशास्त्रात दोन गटांचे आकडे बहुधा इतके एकमेकांत मिसळलेले असतात की आलेखावर फरक डोळे ताणून शोधावा लागतो.

पुढे जे घडले ते मला निकालाहून अधिक बोधप्रद वाटते. अमेरिकेत डीना बार्च, कॅमेरॉन कार्टर आणि इतरांनी स्किझोफ्रेनियातील आकलनाच्या चाचण्या रुग्णालयांत वापरता येतील इतक्या सुटसुटीत आणि विश्वासार्ह करण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला होता. त्यात दृश्यबोधाचे दोन पैलू मापनासाठी निवडले गेले: परिस्थितीनुसार पेशींचा प्रतिसाद कमी-जास्त करण्याची क्षमता, आणि सुटे तुकडे जोडून एक आकार घडवण्याची क्षमता. पहिल्या पैलूसाठी डेकिन यांचाच प्रयोग, स्वतः डेकिन यांना सोबत घेऊन, अनेक केंद्रांत बऱ्याच मोठ्या संख्येवर करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ढळढळीत फेऱ्याही पेरलेल्या होत्या. फरक आढळला, पण पहिल्या प्रयोगाच्या मानाने खूपच लहान. आणि त्यातील काही भाग लक्ष उडण्याने होत असल्याचे दिसले. ज्या चाचणीत लक्ष उडाल्याने कोणाचा फायदा होणार नाही असे वाटत होते, तिच्यातही लक्षाने शिरकाव केला होता: कोठेही बटण दाबणाऱ्याच्या उत्तरांतून भ्रमाची खूणही पुसट होते, आणि पुसट भ्रम हाच तर येथे अचूकपणा म्हणून गणला जात होता.

तरीही सगळे वाहून गेले असे नाही. मध्यभागीच्या रेषांचा कल शेजारच्या रेषांशी जुळतो तेव्हाच पेशी एकमेकींना अधिक दाबतात, या कलाशी बांधलेल्या दाबावर जोंग यून आणि सहकाऱ्यांनी काम केले. एकाच माणसाच्या दोन मापांतील फरक घेतल्यामुळे लक्षाचा परिणाम दोन्हीकडे सारखा येतो आणि वजाबाकीत बराचसा निघून जातो. २०१० मध्ये त्यांनी रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रात गॅबा या शमन करणाऱ्या रसायनाचे प्रमाण कमी असल्याचे, आणि ते जितके कमी तितका शेजारचा दाब कमी असल्याचे दाखवले. वर्तनातील आकडा आणि मेंदूतील रसायन असे हातात हात घालून क्वचितच सापडतात.

क्षणभराचे पाहणे, तुटक रेषा आणि मेंदूच्या लहरी

आणखी एक जुनी आणि भक्कम चाचणी म्हणजे मागाहून झाकण्याची. पडद्यावर एखादे अक्षर निमिषभर चमकते आणि लगोलग त्याच जागी रेघोट्यांची जाळी येते. दोहोंत पुरेसा वेळ गेला तर अक्षर ओळखता येते, नाही तर जाळी ते पुसून टाकते. मायकेल ग्रीन आणि इतर अनेकांच्या अभ्यासांत रुग्णांना हे अंतर अधिक लागते असे वारंवार आढळले आहे. रुग्णांच्या निरोगी सख्ख्या भावंडांतही काही प्रमाणात हीच उणीव दिसते. भावंडे ना औषधे घेत असतात ना आजारी असतात, म्हणून या निष्कर्षाला वेगळे वजन आहे. चाचणीची रचनाही सावध असते: जाळीशिवाय अक्षर ओळखायला प्रत्येकाला किती वेळ लागतो ते आधी ठरवून मगच झाकण्याचा भाग सुरू करतात, म्हणजे सगळे एकाच रेषेवरून निघतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ दाखवताच येत नाही, त्यामुळे येथे वेगवान पडदा लागतो.

तुकडे जोडण्याच्या क्षमतेसाठी इलोना कोवाच आणि स्टीव्हन सिल्व्हरस्टाइन यांच्या कामातून आलेली चाचणी वापरतात. असंख्य गॅबॉर ठिपक्यांच्या गर्दीत काही ठिपके एका अंडाकृती रेषेवर मांडलेले असतात आणि अंड्याचे टोक डावीकडे आहे की उजवीकडे, ते सांगायचे असते. मग त्या ठिपक्यांचे कल हळूहळू विस्कटत नेतात. रुग्णांचा आकार लवकर हरवतो, आणि ज्यांच्या बोलण्या-विचारांत विस्कळीतपणा अधिक त्यांच्यात ही उणीव अधिक दिसते. त्याच रुग्णांना, आजूबाजूच्या मोठ्या वर्तुळांमुळे मधले वर्तुळ लहान भासण्याचा एबिंगहाउस भ्रम कमी होतो, असेही काही अभ्यासांत आढळले. एका चाचणीत मागे आणि दुसरीत पुढे, आणि दोन्हींचे कारण एकच, म्हणजे संदर्भाशी सैल झालेले नाते: अशी जोडी हाती आली की संशोधकाला थोडा दिलासा मिळतो. सगळेच भ्रम रुग्णांत कमी होतात असे मात्र नाही. काही निरोगी लोकांइतकेच होतात.

बटणच नको असेल तर डोक्याच्या मागच्या भागावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी नोंदवता येतात. चित्र दाखवल्यानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी उमटणारी लहर रुग्णांत पुष्कळदा लहान असते. नजरेने हलत्या वस्तूचा पाठलाग करताना रुग्णांची बुबुळे सरळ न घसरता मध्ये मध्ये उड्या घेत जातात, हे तर १९०८ मध्येच डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी नोंदवले होते आणि १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी ते पुन्हा पुढे आणले.

या चाचण्या निदानाच्या नव्हेत, हे येथे सांगून ठेवणे आवश्यक आहे. फरक गटांच्या सरासरीत असतो. अनेक रुग्णांचे गुण निरोगी माणसांच्या मर्यादेत येतात, आणि कमी गुण मिळवणाऱ्या निरोगी माणसांचीही वाण नसते. शिवाय द्विध्रुवी विकार वा ऑटिझम यांतही काही चाचण्यांत असेच आकडे येतात. उलटा मुखवटा खोलगट दिसला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, आणि घरातल्या कोणावर हा प्रयोग निदान म्हणून करू नये. आजाराचे निदान आजही बोलण्यातून, निरीक्षणातून आणि काळाच्या ओघातूनच होते.

मग मोजायचे कशासाठी? एक कारण म्हणजे दृष्टिक्षेत्राची रचना मेंदूच्या इतर भागांपेक्षा अधिक चांगली समजलेली आहे. तेथे काय बिघडले हे कळले तर जेथे नीट पाहता येत नाही त्या भागांविषयी अनुमान बांधता येते. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग की थट्टा ओळखणे, हे नजरेच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवर अवलंबून असते, आणि त्या पायऱ्या सैल असलेल्या रुग्णांना चेहरे वाचणे जड जाते. गोवा, तामिळनाडू आणि सातारा येथील २८२ रुग्णांना घेऊन झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत केल्यास लक्षणे आणि परावलंबन थोड्या प्रमाणात कमी होते असे दिसले होते. अशा कार्यकर्त्याला जर ठाऊक असेल की समोरच्या माणसाला चेहरा वाचायला अधिक वेळ लागतो, तर तो हावभावांवर न विसंबता शब्दांत स्पष्ट बोलेल. एवढ्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

अलीकडे लक्षाच्या कटकटीतून सुटण्याचा आणखी एक मार्ग पुढे आला आहे, तो थेट डोळ्याच्या पडद्याकडे जातो. ओसीटी या तपासणीत प्रकाशाच्या साह्याने त्या पडद्याच्या थरांची जाडी मोजली जाते. काही मिनिटांचे काम असते, उत्तर द्यायचे नसते, फक्त थोडा वेळ एका खुणेकडे पाहायचे असते. अनेक अभ्यासांत रुग्णांच्या पडद्याचे काही थर सरासरीने पातळ आढळले आहेत, आणि डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग असल्यामुळे या निष्कर्षांनी बरीच आशा निर्माण केली. गोव्यात हे यंत्र नेत्रविभागांत आणि खासगी नेत्रतज्ज्ञांकडे आहेच. तेव्हा वरच्या सगळ्या पडदे-बटणांपेक्षा हेच सोपे, असे कोणालाही वाटेल.

पण पडदा पातळ होण्याची कारणे अनेक आहेत: वय, वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि सर्वांत आधी मधुमेह. स्किझोफ्रेनियाच्या अनेक आधुनिक औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, हे सर्वज्ञात आहे. त्यातच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, निघाले. म्हणजे येथे रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या पडद्यांची तुलना करायची तर दोन्ही गटांची तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब आणि तंबाखूची सवय आधी नोंदवून जुळवावी लागेल, आणि निरोगी गटातील ज्यांना आपल्याला मधुमेह नाही असे वाटते त्यांचेही रक्त तपासावे लागेल. नंबर चुकलेला चष्मा बदलून देणे हे त्याच्याही आधीचे काम; संगणकाच्या पडद्यासमोर बसवण्यापूर्वी ते केले नाही, तर कॉन्ट्रास्टचा जिना जेथे थांबेल ती पायरी आजाराची नसून जुन्या भिंगांची असू शकेल.